वरठीची झोपलेली काठी

आमच्या पितळी भांड्यांच्या धंद्यात विक्री कशाला म्हणायचं, हे कंप्यूटरला मीच शिकवलं. चुकीचं शिकवलं, ते सोडा.

सूनबाईनं भंडारा अन् वरठी, दोन्ही दुकानांची विक्री पडद्यावर आणली. त्याआधी विक्रीचा अर्थ एकाच जागी लिहायचा, त्याला सिमँटिक लेअर म्हणतात म्हणे. मग सगळे तक्ते तोच अर्थ धरतात. तिनं मला विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "जुनी भांडी मोडीत देऊन नवी नेली, तर ती विक्री नाही, अदलाबदल हाय."

मोठ्या भावानं पडदा पाहिला. भंडाऱ्याच्या विक्रीची रंगीत काठी उंच, वरठीची जमिनीवर झोपलेली. "काहून ठेवलं हे दुकान? बंद करा!"

वरठीत गिऱ्हाईक जुन्या भांड्यांची मोड सोबत आणल्याशिवाय येतच नाही, अन् तिथल्या गादीवर मी बसतो! सूनबाईला हळूच म्हटलं, "मोडीचंही धर वो बाई, लवकर!"

तिनं त्या एका जागी अर्थ बदलला. सगळ्या तक्त्यांत वरठी उठून उभी राहिली. भावानं बंद करायचा विषय सोडला. माझी जीभ लगेच सुटली, "पाहिलं? कंप्यूटरलेही माझी अक्कल लागते."

सूनबाई म्हणाली, "मग मामाजी, काम कशाले म्हणायचं तेही सांगून द्या. लिहून टाकते, अन् पाहू तुमची काठी किती उंच येते."