गेट उघडंच राहू दे

हलू नकोस म्हणतेय ना — नॉर्म! आडवा हो. आडवाच राहा. जातात तर जाऊ देत मेंढ्या रस्त्यावर, कुणीतरी हाकलून आणेल, नाही आणल्या तर मी आणीन, पण तू त्या गेटापाशी जायचं नाहीस. गेट कसलं, उंबऱ्यापर्यंतसुद्धा नाही. — हो, उघडी टाकलीत मी. तिन्ही. मुद्दाम. आल्या आल्या ओरडलास ना माझ्यावर, रेलीन, तुला काही रीतभात आहे का, दुसऱ्याच्या रानातली गेटं अशी सताड उघडी टाकून येतं का कुणी — ओरड की. गावभर ओरडतात माझ्या नावानं. सापाच्या कामाला निघाले की मी एकही गेट लावत नाही, जाताना नाही, येताना नाही, आणि त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वेड लागलंय म्हणतात. म्हणू देत. तुझी मान खाली टेकव बघू — हां. ही उशी नाही, माझा कोट आहे, त्याला कुत्र्याचा वास येतो, चालवून घे.

तार लागली म्हणे! कोंबड्यांच्या खुराड्याची तार! सकाळी फोन करतोस, धुण्याच्या खोलीत साप शिरलाय, वॉशिंग मशीनच्या मागे बसलाय, लगेच ये — बरं, मी हातातला टोस्ट टाकून निघाले, फोनवर तुला दहादा बजावलं की दार ओढून घे, दाराखाली टॉवेल कोंब आणि बाहेर येऊन गप बस. बसवलं का तुला? नाही. फावडं घेऊन आत गेलास. रबरी चपला घालून! अरे, मी मशीन सरकवलं, त्याला आकड्यावर घेतला, पिशवीत घातला, गाठ मारली, सगळं कसं छान झालं, मी वळून म्हणणार होते की नॉर्म, आता चहा टाक — आणि तुझ्या घोट्यावर ते रक्त. एवढंसं. डास मारल्यावर असतं तेवढं. विचारलं हे काय, तर म्हणतोस, काही नाही गं, तार लागली, चालतंय.

तो शब्द काढू नकोस माझ्यासमोर. आज तरी नकोस. चालतंय! चालतंय म्हणायचं आणि चालायला लागायचं — हेच तर नेमकं करायचं नसतं. तुला वाटतंय मी उगाच तुला बोटांपासून जांघेपर्यंत गुंडाळून ठेवलंय, झाडूचा दांडा बांधून लाकडासारखा पाय करून ठेवलाय — दुखत नाहीये म्हणतोस. नाहीच दुखत. तपकिऱ्या साप चावला की दुखत नाही, सुजत नाही, तिथंच तर माणसं फसतात. विष पायातच थोपवून धरायचं आणि माणसानं हलायचं नाही, बस्स, एवढंच काम आहे तुला, आयुष्यात एवढं सोपं काम तुला कुणी दिलं नसेल. — नाही, धुवायचंबिवायचं नाही. — चहाचं आधण मी कधीच बंद केलंय. — आणि बोलायचं पण नाही. बोलायचं मी. त्यात मला काही त्रास होत नाही, तुला माहीतच आहे.

येतेय ॲम्ब्युलन्स, निघालीय म्हणाले. गावातून यायची म्हणजे वेळ लागणारच, गावात आहे एक, काही पाच-पंचवीस नाहीत. कोण आहे ड्यूटीवर ते मी विचारलं नाही. कशाला विचारू? कुणीही येवो. मला काय करायचंय. — दात दाखव. अजून वर कर ओठ. हां, हिरड्यांत रक्त नाही. माझं बोट धर. आवळ. जोरात आवळ की, मेंढ्यांची लोकर कातरलीस ना त्या हातानं जन्मभर! — हां. असं.

तुला डेसचं सांगू का? म्हणजे माझा नवरा साप चावून गेला हे तुला माहीतच आहे, तू आला होतास की त्याला पोचवायला, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होतास, टाय घालून, टाय वाकडा होता — पण कसा गेला ते नाही माहीत तुला. गावाला एवढंच माहीत की सापवाला डेस, शेवटी सापानंच गेला. काहीजण हसले पण असतील. तर ऐक. ऐकतोयस ना? बदामांच्या बागांपलीकडे एक नवीन जोडपं राहायला आलं होतं, त्यांच्या बाळाच्या पाळण्याखाली निघाला तपकिऱ्या. डेसनं पकडला. पकडण्यात काही चूक नाही झाली, त्या बाईनंच मला नंतर सांगितलं, इतक्या अलगद पकडला म्हणाली, की बाळ उठलंसुद्धा नाही. चूक झाली ती पिशवी नेताना. पिशवी अंगापासून लांब धरायची, हात लांब करून — हे त्यानंच मला शिकवलेलं, शंभरदा ओरडलाय माझ्यावर — आणि त्या दिवशी एका हातानं त्या बाईला दार उघडून देताना पिशवी टेकली त्याच्या पोटरीला. क्षणभर. बस्स. कापडातनंच चावला.

बाईनं बघितलं, तो वाकून पोटरी खाजवतोय. म्हणाली, चावलं का हो? तर म्हणाला, छे, गोखरू असेल, पँटीत अडकलं, चालतंय. आणि निघाला. बँडेज होतं रे गाडीत. हेच, असंच, पुढच्या सीटवर. पण त्याच्या मनात गोखरूच असणार, निदान पहिल्या गेटापर्यंत तरी. त्यांच्या रानातही तीनच गेटं होती, तुझ्यासारखीच. आणि डेसला तू ओळखायचास. गेट जसं सापडलं तसं सोडायचं — लावलेलं असलं तर लावायचं — लहानपणापासून बापानं कानफटात मारून शिकवलेलं. तर उतरायचं, उघडायचं, चढायचं, गाडी पुढं घ्यायची, उतरायचं, मागं जायचं, लावायचं, परत चढायचं. एकटा माणूस. आत मेंढ्या होत्या, गाभण होत्या सगळ्या, त्या रस्त्यावर गेल्या असत्या तर बिचाऱ्या नवीन जोडप्याचं नुकसान झालं असतं, म्हणून हा आपला चालतोय.

दुसऱ्या गेटापाशी त्याला कळलं होतं, नॉर्म. मी जाऊन बघून आलेय, नंतर, चाकांच्या खुणा होत्या तांबड्या मातीत. पहिल्या गेटापाशी गाडी सरळ उभी केलीय. दुसऱ्यापाशी वाकडी. खांबाला घासलीय थोडी. म्हणजे डोकं गरगरायला लागलं होतं, म्हणजे कळलं होतं की हे गोखरू नाही — आणि तरी उतरून लावलंय त्यानं ते गेट. तिथंच आडवा झाला असता, बँडेज बांधून पडून राहिला असता, त्या बाईला हाक ऐकू गेली असती. नाही. तिसऱ्या गेटापाशी सापडला तो, टपालाची गाडी गेली तेव्हा. गेटाच्या बाहेरच्या बाजूला. आणि गेट लावलेलं होतं. कडी घातलेली होती. म्हणजे माणूस मरायला टेकलाय आणि कडी घालतोय! इतका राग येतो मला त्याचा, इतका राग येतो — अजून येतो — त्या कडीचा, त्या मेंढ्यांचा. उघडं टाकलं असतंस रे एक गेट. एकच.

म्हणून मी लावत नाही. आता तूच काय ते बोल मला.

नाही, बोलू नकोस. डोळे उघडे ठेव फक्त. — साप ना? तो आहे तिकडं, टाकीच्या सावलीत, पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट आहे. मारणार नाही मी त्याला. नाही म्हणजे नाही. तुझं काय वाईट केलं त्यानं? गार फरशी मिळाली म्हणून मशीनच्या मागं पडला होता बिचारा, तू फावडं घेऊन अंगावर गेलास. तुला इस्पितळात नेलं की मी त्याला खालच्या ओढ्यात सोडणार. जवळच. लांब नेऊन सोडला की जगत नाही साप, त्याला त्याची बिळं ठाऊक असतात, परक्या जागी वणवण फिरतो आणि मरतो. — बघू नकोस असा माझ्याकडे. किरीलीपण असंच बघायची. माझी मुलगी. बघायची म्हणजे बघितलं एकदाच, मग बघायचंच सोडलं.

हे पण सांगते, आता सांगतेच आहे तर. डेस गेला त्या संध्याकाळी पोलिसानं त्याची गाडी आमच्या दारात आणून लावली. मागं डबा होता. डब्यात पिशवी. पिशवीत तो. डेसनं डब्यावर ओलं गोणपाट टाकलेलं होतं, त्याला ऊन लागू नये म्हणून. ते अजून दमट होतं रे. किरीली परसातून फावडं घेऊन आली. म्हणाली, आई, बाजूला हो. मी बाजूला झाले नाही. ती रडत होती, ओरडत होती, त्यानं माझ्या बाबांना मारलं आणि तू त्याच्यापुढं उभी राहतेस? गाडीत बसले, ओढ्यावर गेले, गाठ सोडली. गेला तो सळसळत. परत आले तर किरीली निघून गेली होती. तेव्हापासून बोलत नाही. आधी सुपरमार्केटमध्ये होती, ती नोकरी सोडली आणि ॲम्ब्युलन्सवर लागली. इथंच, गावात. रस्त्यात दिसते. मान वळवते. तिचं बरोबर आहे, तिच्या जागी मी असते तर मीही वळवली असती.

सगळे म्हणाले, रेलीनचा त्या सापांवर काय जीव आहे बघा, नवऱ्यापेक्षा साप जवळचे. सापांवर कसला जीव, नॉर्म? मलापण मारायचा होता तो. गाठ हातात धरून मी किती वेळ उभी होते ओढ्यावर, पाय दिला असता तर संपला असता तिथंच. पण डेसनं शेवटचा हात लावला तो त्याला ना. मला नाही, किरीलीला नाही, त्याला. अलगद पकडला, ऊन लागू नये म्हणून गोणपाट ओलं केलं, ओढ्यात सोडायला निघाला — आणि ते काम अर्धं राहिलं होतं. दुसरं काय उरलं होतं माझ्या हातात त्याच्यासाठी करण्यासारखं? एवढंच होतं. हे मी तिला सांगायला हवं होतं. फोन उचलत नाही ती. आणि उचलला तरी मला आलं असतं का सांगायला, कोण जाणे. तुला कसं सांगितलं बघ भडाभडा. तू पळून जाऊ शकत नाहीस म्हणून.

हसलास का? — नॉर्म?

नॉर्म. डोळे उघड. उघड डोळे. नाही, झोपायचं नाही, झोप येत असली तरी नाही. बोट धर माझं. आवळ. आवळ की रे — नॉर्म, मेंढ्या गेल्या बघ, तुझ्या मेंढ्या चालल्या सगळ्या रस्त्यावर, शिव्या घाल मला! — हां. हां. घाल. आणखी घाल. ओकायचंय का? ओक, मान फिरवते मी तुझी, तू नको फिरवूस, मी फिरवते. असं. ओक माझ्या कोटावर, काही होत नाही. डोकं ठणकतंय? ठणकणारच. म्हणून उठायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी उठायचं नाही. मी धरलंय ना तुला. मी धरून बसलेय.

ते बघ. नाही, तू नको बघूस, मी सांगते. धूळ दिसतेय रस्त्यावर. वळली. पहिल्या गेटातनं आली — थांबली नाही. सुसाट येतेय. दुसरं. कुठं म्हणून थांबायला नको तिला. बघितलंस, कशासाठी उघडी ठेवायची असतात? तिसरं. आली, नॉर्म. आली. दोघंजण आहेत. एक तो उंच पोरगा, आणि —

आणि ती आहे.

असू दे. तिचं काम आहे, ती करेल. हात चांगला आहे तिचा, बापाचा हात आहे. तू काळजी करू नकोस. मी सरकते बाजूला. — इथं घोट्यावर चावलाय, बँडेजवर फुली केलीय बघ पेनानं. तपकिऱ्याच आहे, मोठा, टाकीपाशी डब्यात ठेवलाय. आत्ता एकदा ओकला. डोळे मिटायला लागला होता, पण बोलतोय, शिव्या घालतोय. — काय? काय विचारलंस?

नाही, किरीली. नाही चालला. एक पाऊलसुद्धा नाही. आडवा केला तो अजून तसाच आहे. मी चालूच दिला नाही त्याला.

बरं, जा. न्या त्याला, उशीर करू नका. आणि गेटांपाशी थांबू नका, बाळा. मागनं मी लावत येते.