ते जंबिये भेट नव्हते

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय काझी मुतह्हर. सत्कारमूर्ती, शांतता मोहिमेचे प्रमुख लुंडाल साहेब. बैत नाशिरचे शेख नाजी, बैत रासाचे शेख दहमान. समोर दाटीवाटीनं बसलेले बंधू, आणि पडद्यापलीकडे बसूनही एक शब्द न सोडणाऱ्या माझ्या भगिनींनो,

आभार मानायचं काम शाळेच्या बाईंकडे दिलं की शेवट गोड होतो, असा संयोजकांचा अंदाज असावा. तो आज चुकणार आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. लुंडाल साहेब, तुम्ही आमची भाषा आता उत्तम समजता, म्हणून तुमच्या दुभाष्याला मी आजच्यापुरती सुट्टी दिली आहे. मधे कुणी गुळगुळीत करून सांगायला नको.

साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, यात वादच नाही. आमचा मटणाचा रस्सा, सल्ता, दगडी भांड्यात उकळत असतानाच तोंडात घालून यांनी जीभ पोळून घेतली, डोळ्यांत पाणी आलं, तरी 'आणखी वाढा' म्हणाले. शाळेच्या छपरासाठी तुम्ही राजधानीत खेटे घातलेत, तेही मुली विसरणार नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. आभाराचा भाग इथे संपला.

आता तुमच्या भाषणाकडे येते. मघाशी तुम्ही म्हणालात, 'या दरीत शांतता आली, कारण इथल्या लोकांनी जगाची सामायिक मूल्यं हळूहळू स्वीकारली.' वाक्य छान होतं. टाळ्याही पडल्या. फक्त शेख नाजींनी वाजवल्या नाहीत, आणि शेख दहमानांनीही नाहीत. या दोघांचं इतकं पक्कं एकमत मी तर पहिल्यांदाच पाहिलं!

पुराच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, वरच्या बैत नाशिरचा की खालच्या बैत रासाचा, यावरून दोन्ही गावांचा एकेक तरणाताठा जीव गेला. दोन्ही कड्यांवरून गोळ्या सुटायच्या आणि मधल्या रस्त्यावर माझी शाळा. मुली भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायच्या. मग तुम्ही आलात. याच सभागृहात दोन्ही शेखांनी कमरेचे वाकड्या पात्याचे जंबिये उपसून तुमच्यापुढे ठेवले. साहेब, आठवतं तुम्ही काय केलंत? छातीवर हात ठेवून झुकलात, जंबिये उचललेत, दोघांना शेजारी उभं करून फोटो काढलात आणि परतभेट म्हणून दोघांना मोहिमेचं बोधचिन्ह असलेलं एकेक टेबलावरचं घड्याळ दिलंत.

हसू नका मंडळी. दोघंही घड्याळं घेऊन माझ्याकडे आले होते. शेख नाजी म्हणाले, 'बाई, पंचानं उलट वस्तू देण्याचा रिवाज मी तरी ऐकला नाही. याचा अर्थ काय?' शेख दहमान म्हणाले, 'अर्थ सरळ आहे. हे चालू आहे तोवर गोळी नाही. परक्या देशाचा पंच आहे, त्याची रीत वेगळी असणार.' तेव्हापासून दोघांनी घड्याळाचा सेल एकदाही संपू दिलेला नाही. शेख दहमान, मान खाली घालू नका. यात लाजण्यासारखं काही नाही.

कारण लाजण्यासारखं काय आहे, ते पुढे सांगते. इथे कुणी आपला जंबिया दुसऱ्याच्या हाती ठेवतो, तेव्हा तो म्हणत असतो, 'माझी अब्रू तुझ्याकडे. आता तू न्याय कर, मी मानेन.' आणि ज्यानं उचलला, तो पंच झाला. तेव्हापासून हे दोघे कमरेला रिकामं म्यान लावून लग्नांना गेले, मयतीला गेले, बाजारात हिंडले. पोरांनी टिंगल केली, ती गिळली. साहेब, इतके दिवस तुम्ही यांच्या शेजारी बसलात. त्या रिकाम्या म्यानांकडे एकदाही तुमचं लक्ष गेलं नाही?

काल मी तुमच्या कार्यालयात निरोप द्यायला आले, तेव्हा सामान बांधणं चाललं होतं. दोन्ही जंबिये काचेच्या पेटीत आडवे ठेवलेले, आणि खाली पट्टी: 'स्थानिक नेत्यांची प्रेमाची भेट'. मी विचारलं, 'हे कुठे निघालेत?' तुम्ही आनंदानं म्हणालात, 'माझ्या घरी, दिवाणखान्यात.'

खरं काय ते मी सांगितलं तेव्हा साहेब वरमले, हेही प्रामाणिकपणे सांगते. म्हणाले, 'बाई, मला कल्पना नव्हती. ज्याचा त्याला परत करतो.'

मी म्हटलं, 'मग तर संपलंच! निकाल न देता परत करणं म्हणजे, माझ्याच्यानं न्याय होत नाही, तुमचं तुम्ही बघून घ्या.'

'मग निकाल द्यायचा? तो आमच्या नियमात बसत नाही. आम्ही कुणाची बाजू घेत नाही.'

'बाजू नका घेऊ, साहेब. जबाबदारी घ्या.'

जंबिये परदेशी चालल्याची बातमी रात्रीतच दरीभर झाली. आज सकाळी माझ्या शाळेत बैत रासाची एकही मुलगी आली नाही. बैत नाशिरच्या आल्या, त्यांनाही आयांनी अर्ध्या रस्त्यातून परत नेलं. मी रिकाम्या वर्गांतून फिरले आणि मला रडू आलं. मग संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

सामायिक मूल्यं म्हणालात ना? मग मला सांगा, बड्या राष्ट्रांच्या त्या लांबलचक मेजावर बोलणी सुरू होण्याआधी कुणी आपलं हत्यार काढून समोर ठेवतं का? ज्या हातानं शांततेच्या कागदावर सही होते, त्याच हातानं दोन्ही बाजूंना बंदुका विकल्या जातात की नाही? आमच्या दरीत दोघांनाही काडतुसं विकणाऱ्याला पंच म्हणून कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. दिलेला शब्द पाळावा, कुणी विश्वासानं हाती दिलेलं सांभाळावं, हे तुमच्या आईनं तुम्हाला शिकवलं नसेल, असं मी मुळीच मानत नाही. तिनं शिकवलंच असणार. सामायिक आहे ते हेच, आणि ते आम्हाला कुणी पेटीत घालून आणून दिलेलं नाही. मागासलेल्यांनी शिकायचं आणि पुढारलेल्यांनी शिकवायचं, ही वाटणी मला मान्य नाही. आज ती या सभागृहातही चालणार नाही.

दुपारी मी दोन्ही शेखांना काझी साहेबांच्या घरी बसवलं. एका पंचाच्या जागी दुसरा नेमता येतो, दोन्ही पक्ष राजी असले तर. काझी साहेब म्हणाले, 'मला आता धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही, मला सोडा.' मग नाव कुणाचं? मी म्हटलं, माझं. मी शहरातून आलेली, दोन्ही गावांना सारखीच परकी.

शेख नाजी उसळले. 'बाईमाणसाच्या हाती माझा जंबिया? लोक काय म्हणतील?'

मी म्हटलं, 'नाजीकाका, तुमच्या तीन नाती रोज माझ्या हाती देता, तेव्हा लोक काय म्हणतात?'

शेख दहमान खो खो हसत सुटले. 'दे रे नाजी! या बाईला माझी मुलगीसुद्धा घाबरते, आणि तिला मी घाबरतो.'

नाजीकाकांनी दाढी कुरवाळली. शेवटी म्हणाले, 'निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी चालेल. पण निकाल हवा.'

मंडळी, साहेबांनी आपल्या मेजावरून दिलेला कुठलाही धडा मला या एका वाक्याएवढा मोठा वाटत नाही.

तेव्हा साहेब, तुमची गाडी दाराशीच उभी आहे. पेटी मागवा. मी थांबते. नाही, घाई नाही, राजधानीचा रस्ता कुठे पळून जात नाही.

...आणलीत? काच उघडा. ती पट्टी काढा आधी. आता दोन्ही हातांनी द्या, आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणा, 'हे माझ्याकडे विश्वासानं ठेवलेले होते.' बस, एवढंच.

ऐकलंत सगळ्यांनी? धन्यवाद, साहेब. या दरीत आल्यापासून तुम्ही केलेलं हे सगळ्यात चांगलं भाषण. काझी साहेब, तुम्ही साक्षीदार. शेख नाजी, शेख दहमान, दोघांचे जंबिये आता माझ्याकडे आहेत. त्यांचा फोटो निघणार नाही आणि ते माझ्या भिंतीवर लागणार नाहीत. पाण्याचा निकाल पूर येण्याआधी मी देईन. दोघांनाही तो थोडा कडू लागेल, तयारी ठेवा.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आणि साहेबांनी माझा आवाज चढला तरी खुर्ची सोडली नाही, या सर्वांची मी ऋणी आहे. पाहुण्याशी बोलताना माझ्याकडून मर्यादा सुटली असेल तर ती पदरात घ्या. जे बोलले, त्यातला शब्द मात्र मी मागे घेत नाही.

बैत रासाच्या आणि बैत नाशिरच्या आयांनो, पडद्यामागून ऐकताय ना? उद्या सकाळी शाळेची घंटा रोजच्या वेळेला होईल. मी फाटकात उभी असेन, आणि उशिरा आलेली मुलगी कुठल्या गावची आहे, हे मी विचारणार नाही. तिला बाहेर उभं करीन.