तात्यासाहेबांचं दंडवत

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस बुडतो तो वजनानं, की ताठ्यानं? — वजनानं म्हणता? बरं, मग ऐकाच!

तात्यासाहेब इंगवले. वजन सव्वाशे किलो. त्यात पंचवीस किलो नुसता फेटा आणि मिशा! लेकीच्या लग्नात व्याहीभेट होती. आधी पाऊल कोणी पुढे टाकायचं? हे हलेनात, व्याही बळवंतराव हलेनात! भटजींनी मंगलाष्टकं दोनदा म्हटली, पण नाही! तेव्हापासून तीन वर्षं येणंजाणं बंद.

आणि आता नातीचं बारसं! लेकीचा निरोप आला — "तात्या, आज आला नाहीत, तर मला माहेर नाही असं समजेन." म्हाताऱ्यानं फेटा बांधला, काठी उचलली हो! निघाले. पण वाटेत नदी; पूल दुरुस्तीला, होडी पलीकडे. अलीकडे सखाहरी भोई आणि त्याची रबराची, हवेनं फुगवलेली गादी!

"तात्या, हिच्यावर आडवं व्हा. मी मागनं पोहत ढकलतो."

"आडवा? मी? बारशाला चाललोय, स्मशानात नाही!"

चढले, उभे राहिले आणि वर काठी टेकवली! घरी टम्म फुगलेल्या पुरीवर बोट दाबून बघा मंडळी — आधी खळगा पडतो, मग भोवती चुण्या धावतात. तसंच झालं! टाचेखाली खळगा, काठीखाली खळगा, चुण्या पार कडेपर्यंत! खळग्यात पाणी शिरलं. नदीच्या मध्यावर धोतर भिजलं, मग गुडघे!

"सखाहरी, तुझी गादी फाटकी आहे!"

"गादी धड हाय, तात्या! सगळा भार दोन टाचंवर घेतलाय तुमी. पसरा!"

"इंगवल्यांची मान खाली जात नाही!"

"मग अख्खे इंगवलेच खाली जात्याल!"

काय करता? पडले पालथे! हात पसरले, पाय पसरले, कपाळ रबरावर टेकलं. आणि काय नवल — वजन तेच, गादी तीच, पण खळगे भरले, चुण्या मिटल्या! सव्वाशे किलोचा माणूस नदीवर अलगद तरंगायला लागला! साष्टांग म्हणजे दुसरं काय हो? भार आठ अंगांवर वाटून द्यायचा.

गादी पलीकडच्या काठाला लागली. तिथं उभं कोण? बळवंतराव! आणि त्यांच्या पायांशी हे पालथे — हात जोडायचे तेवढे राहिलेले!

बळवंतरावांना भरूनच आलं. "अहो तात्या! एवढं दंडवत घालत आलात? लाजवलंत मला!" म्हणाले आणि तेही चिखलात वाकले. डोक्यावर डोकं आपटलं, दोघांचे फेटे नदीत! राहिलेली व्याहीभेट झाली ती अशी.

आता तात्यांनी खरं सांगितलं का, की बुडू नये म्हणून आडवा झालो? छे! सखाहरीकडे बघून नुसते डोळे वटारले आणि ओल्या धोतरानं नातीला मांडीवर घेतलं. लेक रडत होती, तेही रडत होते.

हसलात ना? हसा! पण देवळाच्या त्या दोन खांबांना टेकून बसलेले दोघे सख्खे भाऊ — हो, तुम्हीच! इकडेतिकडे काय बघता? तात्यांना आडवं करायला एक नदी लागली. तुमच्या दोघांच्या मध्ये नुसती एक भिंत आहे, वाटणीत घातलेली. आई तुमची पुढच्याच रांगेत बसली आहे. बोला, आधी कोण उठतंय?