सीलबंद डब्यातली गादी

मी नाचणगावचा. बाप पुलगावले मिलमधी होता, मी मात्र गाडीतच वाढलो, वीस-बावीस वर्सं काळीपिवळी चालवली, पुलगाव ते वर्धा, वर्धा ते पुलगाव. दनके बसू बसू कंबर गेली, पाय असा सुन्न का ब्रेक दाबला का नाई तेच समजे ना.

काय सांगू तुम्हाले, एक डाक्टर म्हने मनक्यातली गादी झिजली, ते काढून नकली गादी टाकू, वाकता येईन, गाडी चालवता येईन. दुसरा म्हने नोको, ते काम नवीन आहे, मी दोन मनके स्क्रूनं जोडून देतो, जुनी पद्धत आहे, पन वाकनं कमी होईन. दोघंही शिकलेले, दोघंही गोड बोलनारे. मी ड्रायव्हर मानूस, मी वाकनं निवडलं.

आता माही चूक ऐका. गॅरेजमधी नवा पार्ट घेतांना आपन काय पाहतो, डब्बा सीलबंद आहे का. नकली गादीच्या कंपनीचा मानूस दवाखान्यात डब्बा घेऊन आलता, डाक्टरपेक्षा तोच जास्त बोलून राह्यला होता. कंपनीनं डाक्टरले फिरायले नेलतं असं वार्डबॉय म्हने, खरं का खोटं मले काय माईत. मी सील पाह्यलं, वरिजनल आहे म्हटलं, आन् इंग्रजी कागदावर सही ठोकली. पुढं हे काढा लागलं तं कसं, हे इचारलंच नाई. वरून शुद्धीवर आल्यावर जुनी गादी मांगतली, कारन मेकॅनिक जुना पार्ट हातात देते तवाच आपला भरोसा बसते. सिस्टर लय हासली.

दीड वर्स बेस गेलं. मंग डाव्या पायात मुंग्या. फोटो काढला तं गादी जराशी सरकली म्हने. पहिला डाक्टर म्हने राहू द्या, दुसरा म्हने काढा, तिसरा म्हने पोटाकडून, मोठ्या रक्ताच्या नळीजवळून काढा लागते, जिवावर बेतू शकते. कोनाचं ऐकू? खोटं कोनालेच म्हनत नाई मी, ज्याचं त्याले खरंच वाटत असन.

आन् आता माहा लहाना भाऊ, राजू. गवंडी आहे, त्याचीही कंबर गेली, त्यालेही हेच गादी सांगतली. कागद घेऊन माह्याजवळ येऊन बसते, म्हनते दादा, तू सांगशीन तसं करतो. आता मी चालतो हेही खरं आन् मुंग्या येते हेही खरं, त्याले काय सांगू? म्हटलं, डाक्टरले इचार, काढा लागली तं कशी काढसान. तं म्हनते, तू तं मस्त वाकते दादा, मी काऊन इचारू.

त्याचं भलं होवो, याच्यापुढं मले काई समजत नाई. राजू घरी आला का मी वाकतच नाई, चपलेचा पट्टा तसाच लोंबत ठेवतो.