सगळे तोंड का फिरवतात

आमचं मूळ विचाराल तर साताऱ्याकडचं, पण ते आपलं म्हणायचं, कारण साताऱ्यात आता आमचं कोणी नाही आणि मी तिकडे एकदाही गेलो नाही. पणजोबांचे आजोबा दरबारच्या पागेत घोड्यांची दाणा-वैरण बघायला इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि राग आला की दोन्ही एकदम. तुम्हाला माझं बोलणं थोडं अटपटं लागेल, ताई, पण काय करता, उज्जैनची मराठी अशीच. नाव वसंत, वय एकसष्ट. बत्तीस वर्षं प्रायव्हेट बसवर चेकर होतो.

चेकर म्हणजे काय, तर उज्जैन-इंदौर गाडी निघाली की मध्येच सांवेरला नाहीतर कुठेही हात दाखवून चढायचं आणि डोकी मोजायची आणि तिकिटं बघायची. कंडक्टर हसून बोलला तर शक, गप्प बसला तर जास्त शक. कोणी डोळे मिटून बसला असेल तर त्याला आधी उठवायचं. आता माझा स्वभाव त्या कामानं तसा झाला, का स्वभाव तसा होता म्हणून मालकानं मला ठेवलं, ते मला आजपण सांगता येत नाही. घरी पण तेच. भाजीवाल्यानं वरून मूठभर कोथिंबीर टाकली तर मी विचारणार, आजच का टाकली?

तर पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मला वाटायला लागलं की लोक माझ्याकडे बघून तोंड फिरवतात. वाटायला लागलं म्हणजे काय, मी बघितलंच ना. बसमध्ये वाकून तिकीट मागितलं की सवारी खिडकीकडे बघणार, तिकीट हात लांब करून देणार. मी म्हटलं ह्यांच्याकडे तिकीट नसणार, पण तिकीट असायचं. बायका पदर नाकाला लावायच्या, मला वाटायचं डिझेलचा वास.

आणि ओमजी. ओमजी म्हणजे माझा दोस्त, ड्रायव्हर, पंचवीस वर्षांची दोस्ती. नानाखेड़ा स्टँडवर रोज सकाळी आम्ही एका बाकावर बसून चहा प्यायचो. तो समोरच्या बाकावर बसायला लागला. मी म्हटलं, इकडे ये ना, तर म्हणे, इधर हवा अच्छी आती है भैया. हवा? मे महिन्यात बसस्टँडवर कुठली आलीये हवा! आणि वर रोज खिशातून सौंफ-इलायची काढणार, आधी मला देणार, मग आपण खाणार. पंचवीस वर्षांत कधी दिली नव्हती. मी म्हटलं काहीतरी गडबड आहे, हा मला पटवून राहिलाय, म्हणजे ह्याच्या गाडीवर काहीतरी चालू असणार. मग मी महिनाभर त्याचीच गाडी जास्त चेक केली. काही सापडलं नाही. सापडलं नाही तर शक कमी व्हायला पाहिजे ना? माझा वाढला.

मग एक दिवस मालकानं मला लाइनीवरून काढलं आणि पार्सलच्या खोलीत बसवलं. म्हणे आता वय झालं, आराम करा. मला काय समजत नाही का? मी सरळ स्टँडवर गेलो आणि सगळ्यांसमोर ओमजीला बोललो, तूने ही मेरी शिकायत की. फार बोललो, ताई, त्याच्या आईपर्यंत गेलो. त्यानं कप खाली ठेवला, काहीच बोलला नाही, निघून गेला. मी म्हटलं बघा, खोटं असतं तर बोलला असता. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं बंद. तो रिटायर होऊन तराण्याला आपल्या गावी गेला तेव्हा पण मी बघायला गेलो नाही.

घरात सुलभा, माझी बायको. ती ताट वाढून आत निघून जायची. झोपताना भिंतीकडे तोंड. मी मनात म्हटलं, हिच्या पण मनात काहीतरी आहे.

आता शुगरचं सांगतो, ते ह्याच्यातच आहे. शुगर मला आधीपासून. गोळ्या रोज, गोड बंद, सकाळी चालणं, तरी तीन महिन्यांची तपासणी केली की आकडा वरच. डॉक्टर रागवायचे, चुपके से मीठा खाते हो. आणि मी खात नव्हतो हो! चहा फिका, जलेबीकडे बघणं पण बंद. मग मी औषधाचं दुकान बदललं, म्हटलं गोळ्या नकली असतील. तीन दुकानं बदलली. एकाच सकाळी दोन लॅबमध्ये रक्त दिलं, दोन्हीकडे तोच आकडा. मग, सांगायला लाज वाटते, मी गोळ्या माझ्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली जानव्याला. सुलभानं बघितलं.

आणि तोंडातून रक्त तर कधीपासून येत होतं. सकाळी ब्रश केला की बेसिन लाल. मी ब्रश बदलला, मंजन बदललं. दिवसभर खालच्या ओठात तंबाखू, त्यामुळे तोंडाला काय होतंय ते कळायचं पण नाही. दुखत नव्हतं ना! दुखलं असतं तर गेलो असतो. ह्या रोगाची बदमाशी हीच, ताई, तो दुखत नाही.

मग एक दिवस सकाळी पोहे खात होतो, दाताखाली काही आलं म्हणून हात लावला तर खालचा पुढचा दात हातात. पूर्ण दात, मुळासकट, कीड नाही, काळा नाही, एकदम साबूत. मी तो ताटाच्या कडेला ठेवला आणि बघत बसलो. सुलभा बाहेर आली. आणि मी तिला काय विचारलं माहितीये? विचारलं, ह्याच्यात काय टाकलं तू? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, पोहे.

मी दात कागदात बांधून शुगरच्या डॉक्टरकडे गेलो. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, मुँह खोलो. खोललं, आणि ते अर्धं पाऊल मागे सरकले. म्हणाले, हिरड्या सडल्यात, तुमची शुगर उतरत नाही त्यात ह्यांचा पण हात असेल, फ्रीगंजला दातांची डॉक्टर आहे तिला दाखवा. मी लगेच समजलो, सेटिंग आहे. हा तिच्याकडे पाठवणार, ती ह्याच्याकडे पाठवणार.

गेलो तरी. डॉक्टर म्हणजे पोरगीच, आमच्या मुलीच्या वयाची. तिनं बारीक खुणांची एक काडी घेतली, एकेका दाताच्या कडेला हिरडीत घालायची आणि किती मिलिमीटर आत गेली तो आकडा बोलायची, नर्स लिहायची. तीनपर्यंत ठीक म्हणे. पाच, सहा, सात, सहा. पूर्ण जबड्याचा फोटो काढला. मग मला पडद्यावर दाखवलं, अंकल, दाँत में ख़राबी नहीं है, दात ज्या हाडात उभे आहेत ते हाडच झिजलंय. हिरडी आणि दाताच्या मध्ये खिसे झालेत, त्यात घाण साचते, पू होतो. तो सूजेचा माल चोवीस तास रक्तात जातो, त्यानं शुगर चढते, आणि चढलेली शुगर हिरडी भरू देत नाही. दोघं मिळून चाललंय. हृदयावर पण ताण येऊ शकतो म्हणाली, पण ते इतकं पक्कं नाही सांगता येत, असं पण म्हणाली. हे मला जरा आवडलं, की जे पक्कं नाही ते पक्कं नाही म्हणते.

तरी मी काय केलं, फोटो घेतला आणि परत गेलोच नाही. आमच्याच बसनं इंदौरला गेलो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं, पहिला कागद पिशवीतच ठेवला. त्यानं काडी घातली. पाच, सहा, सात. मग सरकारी अस्पतालात लाइनीत उभा राहिलो. तिथंपण तेच. आता तीन माणसं, तीन जागची, एकमेकांना ओळखत नाहीत. खोटं बोलणारे तिघं एकच आकडा सांगत नाहीत, हे मी बत्तीस वर्षांत शिकलोय.

परत त्या पोरीकडे आलो आणि सगळं सांगून टाकलं. ती हसली, म्हणाली, अच्छा किया. मग मी एक गोष्ट विचारली, का विचारली ते मलापण माहीत नाही. विचारलं, बेटा, मेरे मुँह से बास आती है क्या? ती म्हणाली, हाँ अंकल, बहुत. बरेच वर्षांपासून असेल. घर में किसी ने बोला नहीं?

काय सांगू तुम्हाला. त्या खुर्चीत मी आडवा होतो, तोंडावर दिवा, आणि एकदम ती हवा, ती इलायची, खिडकीकडे बघणाऱ्या सवाऱ्या, भिंतीकडे वळलेली सुलभा, सगळं समोर उभं राहिलं. कोणाकडेच काही लपवलेलं नव्हतं. माझंच होतं जे होतं ते.

घरी आलो, सुलभाला विचारलं, तू मला सांगितलं का नाही? ती कणीक मळत होती, हात थांबवला नाही तिनं. म्हणाली, सांगितलं होतं. मुलीच्या साखरपुड्याच्या आधी. तुम्ही विचारलं, तुझे कान कोणी भरले? मग चार दिवस माझ्या हातचं जेवला नाही. मला हे आठवत पण नव्हतं, ताई. तिला दिवसासकट आठवत होतं. मी उठलो आणि पेटीचं कुलूप काढून तिच्या समोर ठेवलं. ती म्हणाली, ओट्यावर नका ठेवू, पीठ लागेल.

मग इलाज. चार वेळा बोलावलं, तोंडाचा एकेक भाग सुन्न करून हिरडीच्या आतून खरडून साफ केलं. दोन दात हलतच होते, ते काढले. उजवीकडे एवढ्यानं भागलं नाही, हिरडी उघडून साफ करून टाके घातले. दाताच्या फटीत घालायचा बारीक ब्रश दिला, रोजचा. हाड गेलं ते परत येत नाही म्हणाली, राहिलंय ते राखायचं. तंबाखू सोडला तर उपयोग, नाहीतर घरी बसा. तंबाखू सोडायला मला जे झालं ते टाक्यांनी पण झालं नाही. तीन महिन्यांनी शुगर बघितली तर उतरली होती. जादू नाही झाली, गोळ्या चालूच आहेत, पण उतरली, आणि डॉक्टरनी मला पहिल्यांदा चोर म्हटलं नाही.

ओमजीकडे जायला मला अजून एक महिना लागला. तराण्याला त्याच्या दारात उभा राहिलो. तो खाटेवर बसला होता, सरकला नाही, हसला नाही. मी म्हटलं, ओमजी, मेरे मुँह की बात थी, तूने बताया क्यों नहीं? तो म्हणाला, बताता कैसे, तुम पूछते किसने सिखाया. मग म्हणाला, सवाऱ्यांनी मालकाकडे शिकायत केली होती, मालक तुला घरीच पाठवत होता, मी हात जोडले तेव्हा पार्सलमध्ये ठेवलं. खाटेवर त्याच्या बाजूला बसलो. त्याच्या सुनेनं चहा आणला. पहिल्यासारखं नाही झालं, खोटं कशाला बोलू, पण फोन करतो तो कधी कधी.

आता दर तीन महिन्यांनी फ्रीगंजला जाऊन हिरड्या दाखवून येतो. आणि सुलभाचं म्हणाल तर तिचं तोंड आता उघडलंय. रोज काही ना काही सांगते. शर्ट बदला, घामाचा वास येतोय. माझ्या भावाला त्या लग्नात तुम्ही उगाच बोलला होता. मुलगी फोनवर तुमच्याशी दोनच शब्द बोलते, त्याचं कारण मी नाही, तुम्ही आहात. तीस-बत्तीस वर्षांचं साचलेलं आहे, इतक्यात संपणार नाही. कधी आतून चढतं मला, तोंडावर येतं विचारायला, तुला कोणी शिकवलं, पण गिळतो. ऐकतो आणि म्हणतो, अजून सांग. देवानं तिला एवढी उम्र द्यावी की सगळं सांगून होईल, आणि मला एवढी की ऐकून होईल.