संबंधित व्यक्तीने बाहेर थांबावे

...आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर वर मानभावीपणे म्हणायचं काय, तर 'निर्णय तुमचाच आहे हं!' अहो, माझाच आहे! छाती माझी, गाठ माझी, कॅन्सर माझा, मग निर्णय काय शेजारणीचा असणार आहे? पण नाही, जो तो येतो, अर्धा तास आपलं घोडं पुढे दामटतो, आणि जाताना दारात चपला घालता घालता, 'अर्थात निर्णय तुझाच आहे हं, पण...' तो 'पण' आहे ना, तो 'पण' मला एकदा हातात सापडू दे, नाही त्याचं भरीत केलं तर नाव नाही सांगणार!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच भडकलीय. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लोक येऊन खुर्चीत बसतात, मी त्यांच्या नाकावर ती जड फ्रेम चढवते, भिंग टाकते आणि विचारते, 'हे स्पष्ट का हे? पहिलं का दुसरं?' दिवसभर हेच. पहिलं का दुसरं, पहिलं का दुसरं! आणि माणसं कशी घामाघूम होतात म्हणून सांगू, जशी काय परीक्षाच! 'दोन्ही सारखंच वाटतंय हो...' 'परत दाखवा ना...' मी परत दाखवते. दहादा दाखवते. वर शहाणपणाने सांगते, 'घाबरू नका, तुम्हाला वाटतं ते सांगा, यात बरोबर-चूक काही नसतं.' काय पण मोठेपणा माझा!

तर डाव्या बाजूला गाठ निघाली, तपासणी झाली, आणि कॅन्सरचे सर्जन मला समोर बसवून म्हणाले, 'डावी बाजू पूर्ण काढावी लागेल.' मी म्हटलं बरं. म्हणजे बरं नाही म्हटलं, तोंडातून 'बरं' बाहेर पडलं. तर ते म्हणतात, 'आता दोन पर्याय आहेत. काढायच्या ऑपरेशनमध्येच नवीन बनवायची, म्हणजे तुम्ही जाग्या व्हाल तेव्हा तिथे काहीतरी असेल. किंवा आधी काढू, केमो, रेडिएशनचा शेक, सगळे उपचार संपू देत, आणि वर्षभराने सावकाश बनवू. आता का नंतर?' अहो, पहिलं का दुसरं! माझ्याच खुर्चीत मला बसवली! आणि इथे 'परत दाखवा' नाही! मी विचारलं, तुम्ही काय कराल? तर पेन बंद करून म्हणाले, 'निर्णय तुमचाच आहे.'

प्लास्टिक सर्जनकडे गेले. हा गडी एकदम उत्साही. फोटोच दाखवायला लागला. 'हे बघा इम्प्लांट. हे बघा पोटाची चरबी घेऊन केलेलं. तुमच्याकडे चरबी आहे!' म्हणजे अभिनंदन केल्यासारखं! तीन मुलाखती देऊन नोकरी मिळाल्यासारखं वाटलं मला! 'आत्ताच केलं तर एक भूल कमी, एक ऑपरेशन कमी, मनालाही बरं.' मी म्हटलं, आणि शेक द्यावा लागला तर? मग जरा घसा खाकरला. 'हं... तर मग ते कडक होऊ शकतं, आक्रसू शकतं. सगळ्यांचं होत नाही. आणि जखम भरायला वेळ लागला तर केमो थोडी पुढे जाऊ शकते. क्वचित.' आणि शेक लागणार का, ते कधी कळणार? तर काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आल्यावर. रिपोर्ट कधी? ऑपरेशननंतर! म्हणजे आधी ठरवायचं आणि मग कळायचं! 'पण निर्णय तुमचाच आहे.'

हे झालं दवाखान्याचं. आता घर.

आमच्या घराची एक पद्धत आहे. माझे सासरे आमच्या इमारतीच्या कमिटीचे वर्षानुवर्षं चेअरमन होते. इमारतीने त्यांना उतरवलं, पण ते काही उतरले नाहीत, ते घरी आले. आमच्याकडे फ्रिज कुठे ठेवायचा, सोफ्याला रंग कुठला, सगळं जेवणाच्या टेबलावर मिटिंग घेऊन ठरतं. ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं, हात वर करायचे. आणि एक नियम असा की ज्याच्याबद्दल विषय असेल त्याने मत द्यायचं नाही, त्याने बाहेर जायचं. नवऱ्याला मोटरसायकल घेऊ द्यायची का, तेव्हा तो बाहेर उभा होता. नाही मिळाली. मला मजा वाटायची हो याची! लग्न झाल्यावर माहेरी मी नक्कल करून दाखवायचे, लोक हसून हसून लोळायचे.

तर रविवारी सकाळी चहा झाल्यावर सासऱ्यांनी चष्मा पुसला, मी दिलेला, आणि म्हणाले, 'आज एकच विषय. सूनबाईंचं ऑपरेशन. आत्ता करावं की नंतर. सूनबाई, तुम्ही संबंधित व्यक्ती. संबंधित व्यक्तीने बाहेर थांबावे.'

आणि मी गेले! ऐका, ऐका हे! मी, कपबशी उचलली, बाल्कनीत गेले, दार लावून घेतलं! इतक्या वर्षांची सवय हो! पाय आपोआप निघाले! बाहेर जाऊन उभी राहिले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की अगं भवाने, ते आत तुझ्या छातीवर मतदान करतायत!

बाल्कनीत दोरीवर आदल्या दिवशीचे कपडे वाळत होते. सासऱ्यांचे बनियन, मुलीची जीन्स, आणि मधोमध माझ्या ब्रा. आणि दाराच्या काचेतून आतलं सगळं ऐकू येतंय. सासरे म्हणतात, 'दोनदा खोदकाम करण्यापेक्षा एकदाच करून घ्यावं, हा माझा अनुभव आहे.' कसला अनुभव? पाण्याच्या पाइपलाइनचा! नणंद म्हणते, 'माझं अनुमोदन. माझ्या मैत्रिणीच्या जावेने लगेच केलं, कुण्णाला कळलंसुद्धा नाही.' मग म्हणते, 'आणि मी उपसूचना मांडते. करतायच, तर वहिनीची दुसरी बाजू पण जरा वर उचलून घ्या ना. एकसारखं दिसेल.' उपसूचना! माझ्या उजवीवर उपसूचना! तिचा काय गुन्हा हो? ती बिचारी निरोगी, आपल्या जागी गप बसलेली! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते हेच!

आणि नवरा. नवऱ्याने काय करावं? 'उपसूचना नको,' म्हणे, 'पण मूळ ठरावाला माझा पाठिंबा आहे.' मूळ ठरावाला! सासूबाईंनी 'आत्ता'ला हात वर केला आणि 'नंतर'लाही केला, त्या नेहमीच दोन्हींना करतात, घरात भांडण नको म्हणून. मुलगी कॉलेजात जाते, ती म्हणाली, 'मी तटस्थ. हे सगळं भयंकर आहे.' तेवढंच एक शहाणं वाक्य त्या टेबलावर झालं. आणि सासरे मोठ्याने, 'ठराव बहुमताने मंजूर. सूनबाईंना आत बोलवा. तसा निर्णय त्यांचाच आहे, पण...'

सटकलं! माझं डोकं असं सटकलं म्हणून सांगू! दोरीवरची ब्रा ओढली, चिमटा उडून खाली कुणाच्या तरी डोक्यात गेला असेल, गेला तर गेला! दार उघडलं, आत गेले, आणि ती ब्रा टेबलावर, बरोब्बर सासऱ्यांच्या कपाशेजारी ठेवली. म्हटलं, 'ही घ्या संबंधित व्यक्ती. विचारा हिला. मला बाहेर काढलंत ना, मग हिचं तरी मत घ्या!' सासरे ब्रा बघेनात, भिंत बघायला लागले. सासूबाईंनी हळूच त्यावर रुमाल टाकला. नणंद म्हणते, 'वहिनी, आम्ही तुझ्या भल्यासाठीच...' मी म्हटलं, तू गप्प बस, उपसूचनाबाई!

आणि मग मी बोलले. जे आठवड्यापासून घशात अडकलं होतं ते सगळं. म्हटलं, तुम्ही विचारता आत्ता का नंतर, आत्ता का नंतर. मला काय हवंय हे एकाने तरी विचारलंत? मला माझीच हवी आहे! जुनी, जरा खाली आलेली, पोरीला पाजलेली, ती! तो पर्याय कुणाच्याच ठरावात नाही. तो मिळणार नाही हे मला कळतं, मी काही खुळी नाही. पण ती जाणार आहे म्हणून एक मिनिट कुणी गप्प तरी बसा! नवीन कधी बसवायची याची घाई तुम्हाला, माझी अजून जायची आहे!

मग नवरा, खाली बघत, अगदी पोरासारखा म्हणाला, 'मला तुला तसं बघायची भीती वाटते गं.' आता यावर माणूस रागावतं का विरघळतं? मी दोन्ही झाले. म्हटलं, 'तुला बघायची भीती वाटते. मला तसं असायची वाटते. बघ कुणाची मोठी आहे.' तो रडला. मी रडले. सासरे उठले आणि मिटिंग बरखास्त न करताच आत निघून गेले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी मी एकटी सर्जनकडे गेले. म्हटलं, डॉक्टर, 'निर्णय तुमचाच' हे सोडून दुसरं काहीतरी बोला. शेक लागायची शक्यता किती, खरं सांगा. त्यांनी माझ्या तपासणीची फिल्म पुन्हा लावली, बघितली, आणि म्हणाले, 'मला बरीच वाटते.' बास! एवढंच हवं होतं हो मला! तिथल्या तिथे म्हटलं, मग नंतर. आधी हा रोग घालवा. केमो एक दिवसही पुढे जायला नको. मला दोन भीत्या एका दिवशी झेपायच्या नाहीत, एका वेळी एकच.

खरं सांगू? त्यात थोडी खुन्नसही होती. घरच्यांनी 'आत्ता' ठरवलं म्हणून मला 'नंतर' जरा जास्तच गोड लागलं. आहे, आहे खुन्नस, का नसावी?

आणि सोपं होतं असं समजू नका! शुद्धीवर आले तेव्हा हात आधी तिकडेच गेला. नर्स म्हणाली, 'हात नका लावू.' मी म्हटलं, आता लावायला आहे काय? आणि एवढी रडले, एवढी रडले, की वाटलं आपण चुकलो, घ्यायला हवी होती तेव्हाच, जे काय असेल ते, कडक तर कडक! जखमेवरची पट्टी पहिल्यांदा काढली तेव्हा नवरा समोर उभा होता. मी म्हटलं, जा बाहेर, तुला भीती वाटते ना. तर म्हणाला, 'वाटते. बघू दे.' आणि उभा राहिला. एकदा डोळे मिटून घेतले त्याने. पण राहिला.

मग काखेतल्या गाठींचा रिपोर्ट आला. शेक लागणारच. इम्प्लांट असतं तर कदाचित दगड होऊन बसलं असतं छातीत. आणि आमची नणंदबाई फोनवर काय म्हणते? 'बघ वहिनी, मी म्हणतच होते, घाई नको!' मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडेच बघत बसले.

वर्ष गेलं. केमो झाली, केस गेले, केस आले, शेक झाला. दुकानात परत उभी राहिले. ब्राच्या आत घालायला दवाखान्यातून मऊ स्पंजची एक गादी दिली होती. एकदा एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यात टॉर्च मारायला वाकले, तर ती गादी सरकून पार गळ्याशी! तो बिचारा म्हणतो, 'मॅडम, दुसऱ्या डोळ्याने जरा... उंच दिसतंय काहीतरी.' मी म्हटलं, 'तुमचा नंबर बरोबर आहे!'

घरात आता कुणी ब्र काढत नाही. मिटिंगा बंद. फ्रिज मी हलवला, कुणाला न विचारता, आणि सगळे पाणी प्यायला मुकाट्याने नव्या जागी जातात. मागच्या महिन्यात प्लास्टिक सर्जनने बोलावलं. नवरा बरोबर होता, ओठ घट्ट मिटून, शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घालून. सर्जनने तपासलं आणि खूश! 'त्वचा मऊ झालीय, जखम सुंदर भरलीय. पोटाचं घेऊन आता छान करता येईल. पुढच्या महिन्यात तारीख देऊ?' आणि मग, 'अर्थात निर्णय तुमचाच आहे.'

मी वाट बघत बसले. म्हटलं आता 'पण' येईल. नाही आला! सर्जन कॅलेंडर उघडून बसलाय. नवऱ्याकडे बघितलं, तो छताकडे बघतोय. म्हटलं, अरे, तुला काय वाटतं? तर घाबरून म्हणतो, 'मला काहीच वाटत नाही!' आता आली का पंचाईत? करावी वाटते हो, वाटते. आणि कधी वाटतं, आहे तशी बरी आहे, पुन्हा कोण ते भूल-बील, टाके-बिके. पहिलं का दुसरं? सांगायला कुणी नाही, भांडायलाही कुणी नाही!

शेवटी सर्जनला म्हटलं, 'डॉक्टर, एवढं घरादाराशी भांडून हा निर्णय माझ्या हातात आलाय. राहू दे की थोडे दिवस माझ्याकडेच... घेतला की संपला!'