कुंपणाच्या दोन्ही बाजूंची पानं

धाकटी : …आणि त्यांना सांगा, त्या झाडाची सावलीसुद्धा माझ्या बाजूला पडायला नको.

(कमरेइतकं तारेचं कुंपण. एका बाजूला थोरली जाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटी. दोघींचं बोलणं बंद आहे. कुंपणाला चिकटून, हातात भिंग घेऊन नर्सरीवाला वाकलेला.)

नर्सरीवाला : वहिनी, त्या इथंच उभ्या आहेत. तुम्ही हात लांब केलात तर त्यांच्या नाकाला लागेल.

धाकटी : आमचं बोलणं नाही. दोन महिने झाले.

थोरली : तिला म्हणावं, दोन महिने आणि चार दिवस.

नर्सरीवाला : अहो, मी रोपं विकतो, निरोप नाही. काय झालंय ते दाखवा पटकन. दुकान उघडायचंय.

धाकटी : हे पान बघा. हिरव्यावर पिवळ्या रेघा, करवतीच्या दात्यांसारख्या. आधी त्यांच्या गुलाबाला आल्या, मग उडून माझ्याकडे. ते झाड रविवारपर्यंत मुळासकट निघालं पाहिजे. नाहीतर मी ह्यांना सांगून काढायला लावीन.

थोरली : ह्यांना म्हणे! भाऊजी माझ्यासमोर मान वर करत नाहीत, ते झाड उपटणार! भाऊ, बावीस वर्षांचं आहे हो ते. सासूबाईंनी लावलेलं. हे झाड गेलं तर मला सकाळी दार उघडून बाहेर यावंसं वाटायचं नाही. आणि त्याला झालंय काय, तर लोह कमी पडतंय. मी आळ्यात गंजके खिळे पुरलेत.

नर्सरीवाला : किती?

थोरली : असतील दीडेक किलो. आणि एक जुना तवा.

नर्सरीवाला : तरीच मघाशी खुरपं खणकलं.

धाकटी : शिवाय रोज उजाडायच्या आत पिवळी पानं खुडतात, कुणी बघायला नको म्हणून. मी बघते ना खिडकीतून.

थोरली : तिला म्हणावं, उजाडायच्या आत घरात काही कामं नसतात का?

नर्सरीवाला : आता दोघी ऐका. लोह कमी पडलं तर सगळं पान फिकुटतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इथं उलट आहे. पान चांगलं हिरवंगार, आणि त्यावर कुणी पेननं गिरवल्यासारख्या रेघा, मध्येच गोल. शेजारचं पान मात्र एकदम साधं, काही झालंच नाही असं. हा व्हायरस आहे.

धाकटी : बघा! मी म्हटलंच होतं! म्हणून तर मी तोंडाला मास्क लावून पाणी घालते.

नर्सरीवाला : गुलाबाला मास्क?

धाकटी : मला हो.

नर्सरीवाला : काढा तो. माणसाला होत नाही हा. आणि वाऱ्यानंही जात नाही. मावा नेत नाही, कात्रीनंही सहसा जात नाही. दोन झाडं वर्षानुवर्षं शेजारी राहिली तरी एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

थोरली : ऐकलंस का म्हणावं!

धाकटी : मग माझ्या झाडाला आला कुठून? आभाळातून?

नर्सरीवाला : कलमातून. आजारी झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, काढायचा, दुसऱ्या खुंटावर भरायचा, की डोळ्याबरोबर हाही आला. तुम्ही रोप कुठून आणलंत?

धाकटी : …बाजारातून.

नर्सरीवाला : कुठल्या? इथं नर्सरी एकच आहे. माझी.

थोरली : तिच्या झाडाचं फूल बघा भाऊ, फूल. आत पिवळसर, कडेला गुलाबी. कुठं पाहिल्यासारखं वाटतं का?

धाकटी : गुलाबासारखा गुलाब असतो. त्यात काय बघायचं?

नर्सरीवाला : थांबा, खाली बघू. हां, इथं डोळा भरलाय. हात चांगला आहे हो, सफाईनं भरलाय. बांधलंय मात्र कशानं? प्लॅस्टिक नाही हे. ताणलं की ताणतंय.

धाकटी : असेल काहीतरी चिंधी.

थोरली : चिंधी? निळ्या काठाची? अगं, ही माझ्या गुडघ्याची पट्टी!

नर्सरीवाला : वहिनी, तुम्ही त्यांच्याशी बोललात.

थोरली : बोलणारच! गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन करून मी आडवी पडले होते, आणि ही बया माझ्या अंगणात चाकू घेऊन!

धाकटी : अंगणात मी पाणी घालायला जात होते! दीड महिना! दोन वेळचा डबा, तुमची औषधं, तुमच्या मांजराचं दूध. त्यातून एक डोळा घेतला. एक!

थोरली : आणि वर माझंच झाड उपटायला निघालीस!

धाकटी : मला काय माहीत, तो रोग मीच घेऊन आले!

थोरली : भाऊ, मग माझ्या झाडाला कुठून आला?

नर्सरीवाला : असाच. झाड जिथून आणलं, तिथूनच रोग घेऊन आलं असणार.

थोरली : तुमच्या वडिलांनी आणून दिलं होतं. स्वतः, सायकलवरून.

नर्सरीवाला : …वडील फार प्रेमळ होते.

धाकटी : त्यांचं राहू द्या. औषध सांगा.

नर्सरीवाला : औषध नाही. ऊन तापलं की नवी पानं साधी येतात, आपल्याला वाटतं गेलं. हवा गार झाली की परत नक्षी. फुलं थोडी कमी, थोडी लहान. पाण्याचे हाल करू नका, खत वेळेवर द्या, छाटताना जरा हात राखून. काढायलाच पाहिजे असं काही नाही. ह्याचा डोळा मात्र आता कुणाला द्यायचा नाही.

थोरली : माझ्या गुडघ्यासारखंच की. बरा नाही, पण चालतोय.

नर्सरीवाला : मग रविवारचं काय?

धाकटी : राहू दे.

नर्सरीवाला : निघतो मी. तवा तेवढा काढा त्या आळ्यातून.

थोरली : …मागायचास गं. चोरलास कशाला?

धाकटी : मागितला असता तर दिला असता तुम्ही?

थोरली : नसता.

धाकटी : मग?

थोरली : सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं मला. जायच्या आधी, शेवटच्या आठवड्यात. ह्याचं एक कलम धाकटीला दे म्हणून.

धाकटी : मला?

थोरली : तुला. मी बोललेच नाही कधी.

धाकटी : का पण, ताई?

थोरली : तुझ्याकडे जास्त फुललं असतं.